पायथन २ वरून ३ वर जायला घाबरताय? आधी या चुका टाळा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं ३ हे व्हर्जन आलं डिसेंबर २००८ मध्ये, तरी आजही कुठल्यातरी सर्व्हरवर २.७ ची (पायथन २ चं शेवटचं व्हर्जन) स्क्रिप्ट रोज रात्री चालत असते आणि तिला हात लावायची कोणाची तयारी नसते. "चालतंय ना, मग कशाला?" याला मी आळस म्हणणार नाही, कारण कोड मोडला की रात्री फोन आपल्यालाच येतो. पण २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला (मुळात २०१५ लाच संपणार होता, पाच वर्षं वाढवून दिली), त्यामुळे आता त्यात सिक्युरिटीचं भोक सापडलं तर पायथनवाल्यांकडून पॅच येणार नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टू-टू-थ्री टूल (जुना कोड आपोआप नव्यात बदलणारं) चालवलं, प्रिंटला कंस लागले, एरर गेले, झालं काम असं समजणं. एरर देणारा कोड परवडला, तो लगेच सापडतो. खरा घात करतो भागाकार. जुन्यात ५ भागिले २ केलं की २ यायचे, नव्यात २.५ येतात आणि प्रोग्राम काही न बोलता पुढे जातो. राउंडचंही तेच, २.५ चे आधी ३ व्हायचे, आता २ होतात. बिलं किंवा व्याज काढणारा कोड असेल तर या दोन्ही जागा हाताने तपासा. पूर्णांकच हवा असेल तिथे डबल स्लॅश टाका, तो २.७ मध्येही चालतो, म्हणजे हे काम आजच जुन्या कोडमध्ये करून ठेवता येतं.

मराठी डेटा असेल तर टेक्स्टकडे जास्तच लक्ष द्या. पायथन २ ची साधी स्ट्रिंग म्हणजे बाइट्स, त्यामुळे यूटीएफ-८ मधल्या (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत, यात देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट्स लागतात) 'मराठी'ची लांबी १५ यायची, नव्यात ५ येते (काना आणि वेलांटी वेगळी मोजतात, म्हणून ३ नाही). कोणी नाव कापताना तिनाने गुणून जुगाड केला असेल तर तो आता तिप्पट लांब नाव ठेवेल. आणि युनिकोडचा एरर आला म्हणून इग्नोर (न जमणारी अक्षरं सोडून द्यायचा पर्याय) लावून मोकळे होऊ नका, अक्षरं गुपचूप गायब होतात हो! फाइल उघडतानाच एनकोडिंग यूटीएफ-८ असं लिहा, विंडोजवर तर नक्कीच.

सगळं एकदम नव्याने लिहायला बसू नका. एक छोटी स्क्रिप्ट घ्या, तोच इनपुट दोन्ही व्हर्जनला द्या, आउटपुट डिफ करा (दोन्ही ताडून फरक बघा), आणि पहिला फरक जिथे दिसेल तिथून दुरुस्ती सुरू करा.