जुनी गाडी घ्यायला मुंबईबाहेर लांब जावे का, हे कसे ठरवावे

दहा-पंधरा वर्षांची एखादी गाडी कोल्हापूरला किंवा नागपूरला चांगली आणि स्वस्त मिळते आहे असे कळले की मन आधी किमतीतल्या फरकाकडे धावते. लांब जाण्याचे सर्वांत कच्चे कारण तेच आहे. पक्की कारणे दोनच दिसतात. एक म्हणजे हवे ते मॉडेल मुंबईत मिळतच नाही. चांगली राखलेली झेन, एस्टीम, क्वालिस किंवा जिप्सी शोधणाऱ्याला हा अनुभव येतोच. दुसरे कारण म्हणजे गाडीचा पत्रा. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मुंबईच्या गाडीला खालून खातो, तर नाशिक, सोलापूर, नागपूरकडच्या कोरड्या हवेत तीच गाडी वीस वर्षांनंतरही खालून निरोगी असू शकते. त्या गाड्यांचे रबर कडक होते, डॅशबोर्ड तडकतो, हेडलाइट पिवळे पडतात, पण हे सारे बदलता येते. दाराखालची पट्टी आणि मडगार्डच्या आतला पत्रा सडला की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. म्हणून पत्र्यासाठी घाटावर जाणे पटते, रत्नागिरीला किंवा गोव्याला जाणे पटत नाही.

किमतीचा हिशेब मात्र कागदावर मांडून पाहावा. समजा, बोरिवलीत एक गाडी 1,60,000 रुपयांना आहे आणि तशीच कोल्हापुरात 1,25,000 रुपयांना. फरक 35,000 रुपयांचा. दोघांची रेल्वेची तिकिटे, सोबत येणाऱ्या फिटरचा दिवस आणि जेवणखाण यांना अंदाजे 5,000 रुपये धरावेत. परतीच्या सुमारे 380 किलोमीटरना, लिटरला 14 किलोमीटर धरले तर 27 लिटर पेट्रोल लागते, आणि टोलसह तो आकडा 4,000 रुपयांच्या आसपास जातो. चार टायर आणि बॅटरी बदलावी लागली तर आणखी 20,000 रुपये. टायमिंग बेल्ट आणि ब्रेकला अजून हातही लागलेला नाही, आणि उरले 6,000. टायर बोरिवलीच्या गाडीलाही लागू शकतात, हे खरे आहे. पण ती गाडी एका संध्याकाळी पाहता येते, पसंत पडली नाही तर लोकलने घरी येता येते आणि घासाघीस करायला पुन्हा जाता येते. शिवाय एकदा रिकाम्या हाताने परत यावे लागले तर त्या फेरीचा खर्चही पुढच्या गाडीच्या किमतीत मिळवावा लागतो. केवळ किमतीसाठी जायचे असेल आणि फरक पाचव्या हिश्श्याहून कमी असेल, तर माझ्या मते घर सोडू नये.

अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा राज्याच्या सीमेने मोजावे. नागपूर मुंबईपासून सुमारे आठशे किलोमीटर आहे, तरीही एमएच-31 पासिंगची गाडी मुंबईत आणली तर नंबर तोच राहतो आणि एकरकमी भरलेला वाहनकर पुन्हा भरावा लागत नाही. मालकाचे नाव आणि पत्ता बदलला की काम झाले. वापी मुंबईपासून दोनशे किलोमीटरसुद्धा नाही, पण ती गाडी गुजरातची. तिला तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे 28 क्रमांकाचा फॉर्म, लागतो. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाच्या हिशेबाने नव्याने भरावा लागतो आणि नंबरही नवा घ्यावा लागतो. पहिल्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी ज्याच्या नावावर कर भरला होता त्याचे सहकार्य आणि दीर्घ चिकाटी, दोन्ही हवीत. कोल्हापूरहून कर्नाटकातले निपाणी चाळीसेक किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरात गाडी केए पासिंगची होते आणि वर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो.

दिल्लीकडच्या जाहिराती विशेष मोहक असतात. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात बाहेर जाऊ लागल्या. स्वस्ताईचे कारण गाडीत नसून कायद्यात आहे, हे त्यातले आकर्षण आहे. पण ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडल्याशिवाय अशा गाडीसाठी एक रुपयाही टोकन देऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाले, वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते त्याहून जास्त पडते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी आणि नुकतेच नूतनीकरण झालेली सोळा वर्षांची गाडी, या दोन्हींची किंमत सारखी सांगितली तर दुसरी बहुधा स्वस्त पडते. मुदत संपलेली गाडी असेल तर नूतनीकरण विक्रेत्याने स्वतःच्या नावावर करून द्यावे आणि मगच व्यवहार व्हावा, अशी अट घालावी. तो टाळाटाळ करू लागला तर गाडी तपासणीत पास होणार नाही हे त्याला ठाऊक असावे, असे समजायला हरकत नाही.

निर्णयाचा मोठा भाग घरी बसून होतो, आणि तो तिथेच व्हायला हवा. रजा, तिकीट आणि सोबतच्या माणसाचा दिवस एकदा खर्ची पडला की गाडीतले दोष लहान दिसू लागतात. आधी गाडीचा नंबर मागावा. परिवहन विभागाच्या ॲपवर त्या नंबरवरून नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे कळते. थकलेली ई-चलने वेगळी पाहावीत. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा 35 क्रमांकाचा फॉर्म आणि बँकेचे पत्र तयार आहे का, ते विचारावे. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेले आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची चाचणी कधी झाली, हेही विचारावे. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलेली आहे का, तेही पाहावे, कारण ती नसेल तर आरटीओतली कामे अडतात.

मग आरसीवरचा मालक आणि फोनवर बोलणारा माणूस एकच आहे का, हे स्पष्ट विचारावे. गावोगावी असे घडते की मूळ मालकाने सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी विकलेली असते, घेणाऱ्याने ती स्वतःच्या नावावर न करता पुढे दिलेली असते, आणि जाहिरात देणारा तिसराच असतो. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या नावे हस्तांतर आधी व्हावे लागते. असे काही ऐकू आले तर गाडी कितीही देखणी असो, मुंबईहून तिचा पाठपुरावा करणे जमत नाही.

फोनवर "साहेब, गाडीला एक रुपयाचं काम नाही, टाकी भरा आणि चालवा" हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यावर वाद घालू नये. व्हिडिओ मागावा, आणि तोही काय दाखवायचे ते सांगून: गार इंजिनाला सेल्फ मारल्यापासून दोन मिनिटांचा आवाज आणि मागून निघणारा धूर, ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू, डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा, पुढच्या मॅट काढून फरशी, आणि चारही टायरवरचा चार आकडी कोड. त्या कोडचे पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2316 दिसले तर टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, मग त्याची नक्षी कितीही खोल असो. असा व्हिडिओ पाठवायला विक्रेता कंटाळला तर आपला प्रवास वाचला.

पुराचा प्रश्न वेगळा विचारावा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै 2021 मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले होते. मुंबईची गाडीही या संशयातून सुटत नाही, कारण 26 जुलै 2005 च्या पावसात सापडलेल्या जुन्या गाड्या अजून कुठे कुठे फिरत असतील. प्रत्यक्ष पाहताना सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बाहेर काढावा. जो भाग रोज गुंडाळलेला असतो त्याच्या विणीत गाळाची रेघ राहते, आणि शॅम्पूने धुतलेल्या गाडीतही ती सहसा निघत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आणि वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले असतील तर पुढे काही पाहायची गरज नाही.

या साऱ्यातून गाडी तरली तरच तिकीट काढावे. कोल्हापूरसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, कारण ती सकाळी पोहोचवते आणि गाडी गार असताना पाहता येते. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावे. बॉनेट कोमट लागले तर कारण विचारावे आणि उत्तर ऐकताना चेहऱ्याकडे पाहावे. फिटर सोबत नेता येत नसेल तर त्या शहरातले गॅरेज आपण निवडावे, विक्रेत्याने सुचवलेले नको. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवणे, लिफ्टवर खालून पाहणे आणि चढावर गाडी चालवून क्लच तपासणे, एवढे तिथे झालेच पाहिजे. निघण्यापूर्वी घरी एक आकडा लिहून ठेवावा: याहून जास्त द्यायचे नाही. परतीचे तिकीटही आधीच काढावे. गाडी घेतली तर ते रद्द करता येते, आणि न घेतल्यास रात्री कुठे राहायचे या काळजीपोटी होकार दिला जात नाही.

पैसे आरसीवरच्या नावाच्या बँक खात्यातच जावेत. मालकी हस्तांतराचे फॉर्म, 29 क्रमांकाचा दोन प्रतींत आणि 30 क्रमांकाचा, समोर भरून सह्या घ्याव्यात, कोरे घेऊ नयेत. मालकाच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती घ्यावी. त्या वेळेनंतर गाडीचे जे काही होईल त्याची जबाबदारी आपण स्वीकारलेली असते.

परतीच्या प्रवासात एक गोष्ट हमखास विसरली जाते. विक्रेत्याचा विमा चालू असला तर त्याचा थर्ड पार्टी भाग, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा, गाडीसोबत येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी हस्तांतरापासून चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचाच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक आपल्याला भरावा लागतो. म्हणून अनोळखी गाडी रात्री घाटातून आणू नये. पहिल्या तासाभरानंतर थांबून पाण्याची पातळी, ऑइल आणि चाकांची उष्णता पाहावी. गाडीवर विश्वास नसेल तर ती ट्रेलरवर घालून पाठवावी आणि तो खर्च आधीच्या हिशेबात धरावा. काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो. तो त्याच्याकडून बंद करून घ्यावा आणि आपला नवा घ्यावा, नाहीतर खालापूरच्या टोलनाक्यावरचा टोल त्याच्या खात्यातून वजा होईल आणि संध्याकाळी त्याचा फोन येईल.