शिडाच्या होडीतून कांस्य पुरस्कार : साहसी प्रवास कसा पार पाडावा

मुलांच्या सेलिंग गटांत वर्षाअखेरीस एक चषक आणला जातो, सर्वांत वेगवान मुलाच्या हातात दिला जातो आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ मला आवडतो, कारण त्यात कोणाला हरवायचं नसतं. ठरलेलं काम जो पूर्ण करतो, त्या प्रत्येकाला पुरस्कार मिळतो. 1956 साली ब्रिटनमध्ये ‘ड्यूक ऑफ एडिंबरो अवॉर्ड’ या नावाने हा उपक्रम सुरू झाला. भारतात तो 1962 पासून आहे. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर आहेत. कांस्यसाठी वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत आणि वयाच्या पंचविशीच्या आत सगळं संपवायला हवं.

नोंदणी शाळेमार्फत किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करा. सेवा, कौशल्य आणि शारीरिक खेळ या तीन विभागांत आठवड्याला निदान एक तास याप्रमाणे तीन-तीन महिने द्यायचे आणि त्यातल्या एका विभागात आणखी तीन महिने. मुलं आधीपासून तुमच्याकडे सेलिंगला येत असतील तर यात अवघड काही नाही. दर आठवड्याची नोंद त्याच आठवड्यात करायला लावा, एवढं पुरे.

खरी कसोटी चौथ्या विभागाची, म्हणजे साहसी प्रवासाची. कांस्यसाठी दोन दिवस आणि एक रात्र. गट चार ते सात जणांचा, दिवसाला सरासरी सहा तासांचं नियोजित काम, आणि प्रवासाचा प्रकार ‘मोहीम’ (एक्सपिडिशन) असेल तर त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष पुढे जाण्यात गेला पाहिजे. स्वयंपाक आणि तंबू उभारणं या सहा तासांत धरत नाहीत. इंजिनाची मदत चालत नाही. मुख्य प्रवासाआधी एक सराव प्रवास करावाच लागतो.

“इंजिन चालत नाही” हे वाक्य मी पहिल्या वर्षी वाचलं होतं, पण मला समजलं नव्हतं. कोकणातल्या एका खाडीत सहा मुलं आणि तीन होड्या घेऊन मी निघालो. दुपारी बारा वाजता वारा पडला आणि ओहोटी लागली. होड्या उलट्या दिशेने, समुद्राकडे सरकू लागल्या. मी घाबरून सुरक्षा बोटीवरच्या माणसाला दोर टाकायला सांगितला आणि तिन्ही होड्या ओढत मुक्कामाला नेल्या. मूल्यमापकांनी तो प्रवास ग्राह्य धरला नाही. त्या वेळी मला राग आला होता, पण चूक माझीच होती. मुलांना तो प्रवास पुन्हा करावा लागला.

म्हणून सांगतो, तारीख शाळेच्या सुट्टीवरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. पुढच्या वर्षी एका म्हाताऱ्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) मला बसवून समजावलं, “पोरांना न्यायचं तर भांगाचं पाणी धर, उधाणाचं नको.” भांग म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, उधाण म्हणजे मोठी. आपल्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती दुपारी साडेचारच्या सुमारास. ओहोटी संपून पाणी चढायला लागतं ते सकाळी साडेदहाच्या आसपास. अष्टमीला भांग, त्यामुळे षष्ठीला पाण्याचा जोर उतरत आलेला असतो.

आता वारा यात बसवा. हिवाळ्यात दुपारी खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात आणि पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे. पहिल्या दिवशी साडेदहाला खाडीच्या तोंडाशी निघालात तर भरती आणि दुपारचा वारा दोन्ही तुम्हाला आत नेतात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पाणी भरतं आणि उजाडेपर्यंत ओहोटी सुरू झालेली असते. मतलई वाऱ्यावर परतीची वाट धरा, अकरा-सव्वाअकरापर्यंत पाणी तुमच्या बाजूने असतं. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून हे ताडून घ्या आणि हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. तुम्ही करून दिलात तर प्रवास त्यांचा राहत नाही.

तरीही वारा पडेल. त्यासाठी प्रत्येक होडीत वल्ही आणि पुरेशा दोराचा नांगर असलाच पाहिजे. पाणी विरुद्ध असेल तर काठाजवळ नांगर टाकायचा, थांबायचं, वहीत वेळ लिहायची. ऑप्टिमिस्ट या कामाला नेऊ नका. ती एकट्या लहान मुलाची होडी आहे, तिच्यात तंबू कुठे ठेवणार? एंटरप्राइजसारखी चार मीटरची, दोघांची होडी घ्या. सुरक्षा बोट दिसेल इतक्या अंतरावर ठेवा आणि तिच्यावरच्या माणसाला आधीच बजावा, की जिवाला धोका असेल तरच जवळ यायचं. धोका असेल तर मात्र पुरस्काराचा विचार क्षणभरही करायचा नाही. लाइफ जॅकेटची क्लिप प्रत्येकाची स्वतः ओढून बघा.

प्रवासाला हेतू लागतो. “निसर्ग अनुभवणे” असं लिहून आणलेला कागद मी परत देतो. एका गटाने दोन्ही काठांवर कांदळ कुठे संपतं आणि तिवर कुठे सुरू होतं (ही दोन्ही खारफुटीची झाडं), हे नकाशावर मांडलं. दुसऱ्याने वाटेतल्या प्रत्येक बंदरावर कोणती जाळी वापरतात ते विचारलं. असा हेतू असला की नांगर टाकून थांबलेले तासही कामात जातात.

अहवाल आठवड्याच्या आत घ्या. होडीतली वही भिजलेली असली तरी तिच्या पानांचे फोटो तसेच जोडा. घरी बसून स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या वेळा चुकतात, हे मी दोनदा पाहिलं आहे. आणि प्रमाणपत्रं वाटताना प्रत्येक मुलाचं नाव घेऊन त्याने त्या दोन दिवसांत नेमकं काय केलं, ते एक वाक्य पालकांसमोर बोला : हिने रात्री दोनदा उठून नांगर तपासला, याने वारा पडल्यावर पाऊण तास वल्ही मारली.