साध्या सुटात आपली ओळख कशी जपावी

बँकेचं हेड ऑफिस, ऑडिट फर्म, सॉलिसिटरचं कार्यालय, मुलाखतीचं पॅनेल. अशा ठिकाणी कपडे गंभीर आणि साधे हवेत, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. अडचण त्यापुढची आहे. काहीजण धास्तीपोटी दुकानात समोर लटकलेला काळा सूट उचलतात आणि वीस जणांच्या घोळक्यात हरवून जातात. काहीजण ‘आपलं जरा वेगळं’ म्हणून लाल धाग्याची काजं, चकचकीत टाय आणि चित्रविचित्र मोजे हे सगळं एकाच दिवशी अंगावर चढवतात. त्यांच्याशी बोलणाऱ्याचं लक्ष मग बोलण्यापेक्षा मोज्यांकडे जास्त जातं.

मी स्वतः एक नियम पाळतो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगतो: दहा फुटांवरून जे दिसतं ते प्रसंगाला साजेसं असू द्या, आणि हात मिळवायच्या अंतरावरून जे दिसतं त्यात तुमची निवड असू द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावरच उभ्या आहेत.

पायरी १: रंग ठरवून मोकळे व्हा

पहिला सूट गडद निळा, दुसरा गडद राखाडी. कापड प्लेन, कोट सिंगल ब्रेस्टेड (समोर बटणांची एकच रांग), दोन बटणांचा. आपल्याकडे लग्नाच्या निमित्तानं पहिला सूट हमखास काळा शिवला जातो, पण दिवसा ट्यूबलाइटखाली काळं कापड निर्जीव दिसतं आणि विलायती रिवाजात काळा सूट संध्याकाळचे समारंभ आणि अंत्यविधी यांच्याशीच जोडलेला आहे. निळा रंग आपल्या बहुतेकांच्या वर्णाला खुलतो.

या साधेपणाला जुनी परंपरा आहे. ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०) या लंडनच्या माणसानं भरजरी, नक्षीदार कपडे बाजूला सारले आणि गडद निळा कोट, स्वच्छ पांढरं लिनन आणि अंगावर चोख बसणारी शिलाई यांवर भर दिला. दागिना नाही, जर नाही, तरी सगळं शहर त्याच्याकडे बघायचं. पुरुषांचा आजचा सूट त्याच विचारातून घडत आला आहे.

पायरी २: ट्रायलला घाई करू नका

तुमचा बराचसा रुबाब इथंच ठरतो. कापड कितीही महाग असलं तरी खांदा उतरलेला असेल तर सगळं वाया जातं.

ट्रायलला जाताना ज्या शर्टावर आणि ज्या बुटांवर सूट घालणार आहात तेच घालून जा. कोट चढवल्यावर दाराच्या चौकटीला बाजूनं टेकून उभे राहा. दंडाआधी खांद्याचं पॅडिंग चौकटीला लागलं, तर खांदा मोठा आहे. मग खुर्चीवर बसा आणि टेबलावर लिहिताना घेतो तसे हात पुढे घ्या. मानेमागं कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरपासून सुटता कामा नये. ही फट फार लोकांच्या सुटात असते आणि मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला दिसते.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथं कोटाला जोडतात त्या भागाबद्दल, मास्तरांशी नीट बोला. मुंढा खोल ठेवला की मोकळं वाटेल असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात उलटं होतं: खोल मुंढ्याच्या कोटात हात वर केला की अख्खा कोट वर चढतो. मुंढा वर, काखेच्या जवळ असेल तर हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. वरचं बटण लावल्यावर कमरेशी फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कोट आवळलेला आहे. लांबी पार्श्वभाग झाकण्याइतकी हवी. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी आणि खालून शर्टाचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा. पँट पोटाखाली घसरलेली नको, खऱ्या कमरेवर बसू द्या.

बाहीची लांबी आणि कमरेचा घेर नंतरही दुरुस्त होतो. खांदा आणि मुंढा सहसा होत नाही. म्हणून तयार सूट घेतानाही आधी खांदा बघा, बाकीचं आल्टरेशनवाल्यावर सोपवा.

कोटाच्या आत शिवून बसवलेला कॅनव्हास (आकार धरणारं जाडसर कापड) आहे की नुसतं फ्युजिंग, हेही विचारा. फ्युजिंगमध्ये आतलं कापड चिकटवलेलं असतं; उष्णता आणि वारंवार ड्रायक्लीनिंग यांनी पुढं कधी छातीवर फुगे येतात. कॅनव्हासचा कोट महाग पडतो, पण हळूहळू तुमच्या छातीचा आकार घेतो. हा फरक पैसे मोजण्यासारखा आहे.

पायरी ३: कापडाच्या विणीत आपली आवड ठेवा

दुरून गडद निळं दिसणारं कापड जवळून अनेक प्रकारचं असू शकतं. हॉपसॅकची विण जरा जाळीदार असते. हेरिंगबोनमध्ये माशाच्या काट्यासारखी बारीक तिरकी नक्षी असते. बर्ड्‌सआयमध्ये बारीक ठिपके असतात, पण चार पावलांवरून ते दिसेनासे होतात. समोरचा जवळ येईपर्यंत त्याला यातलं काही कळत नाही, म्हणून निवडीला इथं सर्वात जास्त वाव आहे.

मुंबई, ठाणे, पणजीच्या दमट हवेत जास्त पीळ दिलेल्या धाग्याचं, साध्या विणीचं लोकरी कापड घ्या. मीटरला २५० ते २८० ग्रॅम वजनाचं असं कापड हवा खेळू देतं आणि चुरगळत नाही. अस्तर अर्धंच लावायला सांगा. लोकर म्हणजे थंडीचं कापड ही समजूत सोडून द्या. पॉलिस्टर मिसळलेल्या स्वस्त कापडात खरा घाम फुटतो.

‘सुपर १५०’ असे आकडे ऐकून भुलू नका. हा आकडा तंतूची तलमता सांगतो: सुपर १०० मध्ये तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनचा, सुपर १५० मध्ये १६.२५ मायक्रॉनचा. जितका तलम, तितका नाजूक. रोजच्या ऑफिसला सुपर १०० ते १२० पुरे.

पायरी ४: शर्ट

पांढरा आणि फिकट निळा. यात तुमची निवड म्हणजे कॉलरचा आकार. चेहरा रुंद असेल तर टोकं खाली उतरणारी कॉलर, लांबट असेल तर टोकं बाजूला पसरलेली. टोकांना बटणं असलेली कॉलर मुळात पोलो खेळाडूंची, त्यामुळे कोर्टात किंवा मुलाखतीला ती टाळलेली बरी. शुक्रवारी टाय न लावता ती छान दिसते.

पायरी ५: टाय

टायची रुंदी कोटाच्या लेपलशी (छातीवर दुमडलेल्या पट्टीशी) जुळती, साधारण साडेसात ते नऊ सेंटिमीटर. टोक पट्ट्याच्या बकलाशी यावं. रंग गडद: निळा, मरून, बाटली हिरवा. पोत मात्र हवा तो निवडा. विणलेला रेशमी टाय, जाळीदार ग्रेनडीन, बारीक ठिपके. एक चांगला ग्रेनडीन टाय पाच चकचकीत टायांना भारी पडतो. तिरप्या पट्ट्यांचा टाय ब्रिटनमध्ये घालणार असाल तर जपून, कारण तिथं ठरावीक पट्टे रेजिमेंटचे, शाळांचे आणि क्लबांचे असतात.

गाठ साधी ‘फोर इन हँड’च बांधा. ती जराशी तिरकी बसते आणि त्यातच तिची गंमत आहे. ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेला ब्रिटिश राजा, याच्या नावानं ओळखली जाणारी जाड गाठ तो स्वतः बांधतच नसे; त्याचे टाय आतून जाड अस्तराचे असत, म्हणून साधी गाठही भरदार दिसायची.

पायरी ६: एकच खूण निवडा आणि ती टिकवा

पॉकेट स्क्वेअर (कोटाच्या वरच्या खिशातला रुमाल), जुनं घड्याळ, पेन, चष्म्याची फ्रेम, कफलिंक यांतलं एकच काहीतरी ठरवा आणि वर्षानुवर्षं तेच ठेवा. आज रुमाल, उद्या ब्रूच, परवा साखळी असं केलं की ती नुसती सजावट राहते.

याचं माझ्या डोळ्यांसमोरचं सर्वात मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. त्यांची छायाचित्रं नीट पाहा. सूट त्या काळच्या कुठल्याही बॅरिस्टरचा असावा तसा नियमात बसणारा, अनेकदा थ्री पीस. त्यासोबत गोल चष्मा आणि खिशाला फाउंटन पेन. पेनांची त्यांना मनापासून आवड होती, आणि लिहिणाऱ्या माणसाच्या खिशाला पेन असणं यात दिखाऊपणाचा लवलेश नाही. कपडे काय बोलतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: १९२७ साली महाडला त्यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितलं होतं. त्या पार्श्वभूमीवर त्यांचा काटेकोर सूट बघितला की त्याचं वजन कळतं.

म्हणून तुमची खूणही तुमच्या कामातून, घरातून, सवयीतून येऊ द्या. वडिलांचं एचएमटी घड्याळ तुमच्या हातात शोभेल. फियाट या इटालियन मोटार कंपनीचे मालक जान्नी आन्येल्ली शर्टाच्या कफावर घड्याळ बांधायचे. ती त्यांची लकब होती, उसनी घेतली की उसनीच दिसते.

पायरी ७: बूट, मोजे, पट्टा

काळे किंवा गडद तपकिरी ऑक्सफर्ड, म्हणजे नाडीचे साधे बंद बूट, त्याच रंगाचा पट्टा. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत, म्हणजे बसल्यावर पाय उघडा पडत नाही. पावसाळ्यात रबरी तळ लावून घ्या.

पायरी ८: निघण्याआधी तपासा

दिवसाच्या उजेडात कुणाला तरी दहा फुटांवरून तुमचा फोटो काढायला सांगा. आधी चेहऱ्याकडे लक्ष जातं का, ते बघा. टाय, बूट किंवा रुमाल आधी दिसला, तर ती वस्तू बदला. नवीन नोकरीत पहिले काही आठवडे खूणही घरी ठेवा आणि वरिष्ठ काय घालतात ते पाहून घ्या. मुलाखत, सुनावणी आणि सांत्वनाची भेट, या तीन प्रसंगी मी पॉकेट स्क्वेअर लावत नाही.

लोकलनं जात असाल तर कोट अंगावर नको. एक खांदा उलटा करा, दुसरा खांदा त्यात बसवा, अस्तर बाहेर राहील अशी मधोमध घडी घालून हातावर घ्या. घरी आल्यावर रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, ब्रश फिरवा आणि दुसऱ्या दिवशी त्याला विश्रांती द्या. ड्रायक्लीनिंग डाग पडला किंवा वास आला तरच. आणि शिवायला टाकतानाच मास्तरांना पँटच्या मागच्या शिवणीत पुरेसं मार्जिन ठेवायला सांगा, म्हणजे चार-पाच वर्षांनी कंबर सैल करून हाच सूट पुन्हा घालता येईल.