सेकंडहँड यती फोर बाय फोर घेताय? आधी मागची चाकं तपासा

डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद आणि मागे भरपूर सामान मावेल अशी इस्टेट गाडी आपल्याकडे फारशी विकलीच गेली नाही. २०१७ मध्ये व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री आली, पण तिची किंमत साठ लाखांच्या घरात होती. खिशाला झेपेल असा पर्याय उरतो तो स्कोडा यती फोर बाय फोरचा. दिसायला चौकोनी डबा, पण मागच्या सीट काढून ठेवल्या की १,७६० लिटर जागा होते. २०१० च्या अखेरीस ही गाडी बाजारात आली, २०१४ मध्ये चेहरा बदलला (पुढचे गोल दिवे गेले) आणि साधारण २०१७ पर्यंत विकली गेली.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक यती फोर बाय फोर नसते. ११० पीएस ताकदीची गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते, १४० पीएसची चारही चाकांवर. डिकीवरच्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका, तो कुठेही मिळतो. खाली वाकून बघा: गिअरबॉक्सपासून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट (फिरणारा लांब दांडा) आणि मागच्या ॲक्सलवर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) दिसलंच पाहिजे.

त्या डिफरन्शियलच्या पुढ्यात हॅल्डेक्स कपलिंग बसवलेलं असतं. आत ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचप्लेटी आणि त्यांना दाब देणारा छोटा इलेक्ट्रिक पंप. पंप चालला तरच मागच्या चाकांना ताकद जाते. तो जळला तरी गाडी पुढच्या चाकांवर मजेत पळते, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पैसे फोर बाय फोरचे आणि घरी आली फोर बाय टू, असा व्यवहार इथेच होतो.

पंप मरतो तो बहुतेक वेळा जुन्या ऑइलमुळे. क्लचप्लेटींची झीज ऑइलमध्ये उतरते, गाळ होतो, फिल्टर तुंबतो आणि पंपावर ताण येतो. हे ऑइल साधारण दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. लागतं एक लिटरपेक्षाही कमी, पण ते इंजिन ऑइल किंवा डिफरन्शियल ऑइल नव्हे; हॅल्डेक्सचं स्वतंत्र असतं. अनेक गॅरेजवाले मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलून ‘मागचं सगळं केलं’ म्हणतात. बिलावर हॅल्डेक्स ऑइलची वेगळी ओळ शोधा. फिल्टरही बदललेला असेल तर मालक जाणकार आहे असं समजा.

तपासणीसाठी मुरुमाचा किंवा बारीक खडीचा चढ गाठा. हँडब्रेक पूर्ण खाली हवा, कारण ब्रेक लागला की कपलिंग सुटतं. स्टिअरिंग सरळ ठेवा, पहिला गिअर टाका, थोडा जास्त ॲक्सिलरेटर देऊन क्लच झटकन सोडा (आपटू नका). एकाला बाहेर उभं करा. निरोगी गाडी किंचित खडी उडवून निघून जाते. मेलेल्या गाडीची पुढची चाकं जागच्या जागी खड्डा खणतात, ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो आणि मागची चाकं ढिम्म. रॅम्पवर चाकं अधांतरी ठेवून केलेली परीक्षा मात्र फसवी असते. ऑइलच्या नुसत्या ओढीनेही मोकळी चाकं फिरतात.

सोबत व्हीसीडीएस स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र) असलेला मेकॅनिक न्या. त्याला २२ नंबरचं मॉड्युल उघडायला सांगा, ते फोर बाय फोरचं. विकणारा आदल्या रात्री बिघाडाचे कोड पुसून ठेवू शकतो, म्हणून दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

गाडी रॅम्पवर असतानाच शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का, हॅल्डेक्सच्या खोक्याला दगडाचा मार आहे का, तेल पाझरतंय का, हे बघून घ्या. चारही टायर एकाच आकाराचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि कपलिंगला विनाकारण काम लागतं. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

इंजिनासाठी विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या झटक्यात लागलं पाहिजे. क्लच दाबल्यावर आणि सोडल्यावर खडखडाट बदलत असेल, बंद करताना गाडी धाडकन हादरत असेल, तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, हादरे शोषणारं जड चाक) संपत आलंय. क्लचसकट हा मोठा खर्च. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. मध्येच दम गेला आणि डॅशबोर्डवरची ग्लो प्लगची वेटोळ्याची खूण लुकलुकू लागली, तर टर्बो किंवा ईजीआरवर (धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्ववर) संशय घ्या. टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून येणारा खर्च किमतीतून वजा करा.

पुरातली गाडी ओळखणं सोपं नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधा, सीटच्या बोल्टचा गंज बघा, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढायला लावा. ते दुधाळ असेल तर तिथूनच परत फिरा.

बॉडीचे भाग हा या गाडीचा खरा कच्चा दुवा. इंजिनाचे बरेच भाग स्कोडाच्याच लॉरा गाडीशी जुळतात, पण हेडलाइट किंवा बंपर मिळवताना नाकी नऊ येतात. अशा गोष्टी फुटलेल्या असतील तर ‘नंतर बघू’ म्हणू नका.

कागदपत्रांत तारीख महत्त्वाची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यामुळे सुरुवातीच्या यतींची मुदत २०२५ पासून संपू लागली. पुढच्या पाच वर्षांसाठी फिटनेस, ५,००० रुपये नूतनीकरण शुल्क आणि वर पर्यावरण कर. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणावी लागते आणि महाराष्ट्राचा कर वयानुसार नव्याने भरावा लागतो. हा हिशेब मांडल्यावर स्वस्ताई बरीचशी विरते. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी घ्या. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा.