सत्तावीस पात्रं, चार नट

तालुक्याच्या राजकारणावरची एक उपहासात्मक कादंबरी रंगमंचावर आणायचं ठरवलं, तेव्हा आमच्याकडे चारच नट होते. पुस्तकातली बोलणारी पात्रं मोजली तर सत्तावीस. मला तीच मोठी अडचण वाटली होती.

पहिला खर्डा तीन आठवड्यांत झाला. पुस्तकातले संवाद उचलले, प्रवेश पाडले आणि नाशिकला गंगापूर रोडवर एका मैत्रिणीकडे वाचन ठेवलं. जे पुस्तक वाचताना आम्ही पोट धरून हसलो होतो, त्याच्या वाचनाला कुणी हसेना. सभापती भाषणात म्हणतो, ‘आपला तालुका टँकरमुक्त झाला.’ पुढच्याच ओळीत लेखक सांगतो, की मंडपातलं पाणी टँकरचं होतं. ती दुसरी ओळ निवेदनातली, आणि निवेदन तर मी सगळंच गाळलं होतं.

म्हणून नव्याने रूपांतराला बसणाऱ्यांना सांगते: जिथे हसू आलं त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा आणि ते लेखकाचं की पात्राचं, हे समासात लिहा. लेखकाचीच वाक्यं जास्त निघाली, तर तो आवाज कुणाच्या तोंडी द्यायचा हे संवाद लिहिण्याआधी ठरवा. सूत्रधार चटकन सुचतो, पण त्याला नाटकात काही काम नसेल तर तो बाजूला उभा राहून पुस्तकच वाचत बसतो. आम्ही सभापतींचा शिपाई निवडला. मूळ पुस्तकात त्याला जेमतेम दीड पान आहे. चहा नेणारा, खुर्च्या मांडणारा, सगळं ऐकणारा माणूस. टँकरची ओळ तो बोलतही नाही. भाषण चालू असताना मागून पाण्याचा पाइप ओढत नेतो.

सत्तावीसची नऊ पात्रं केली. एका नटाची दोन पात्रं एकाच प्रवेशात समोरासमोर येऊ नयेत म्हणून आधी तक्ता करा: आडवे प्रवेश, उभे नट. विंगेत जाऊन कपडे बदलायला वेळ मिळत नाही, तेव्हा एका पात्राला एकच खूण द्या. टोपी, चष्मा, उपरणं. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी भागातल्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, मुखवटा चढला की समोरचा माणूस देव होतो, आणि तो माणूस कोण हे गावाला ठाऊक असूनही कुणाचं काही अडत नाही. ते आठवलं आणि आम्ही सगळे बदल प्रेक्षकांसमोरच करायचे ठरवले. त्यातूनच नाटकातली सगळ्यात चांगली जागा सापडली. दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच नटाला दिले आणि उपरणं दुरंगी शिवून घेतलं. पक्षांतराच्या प्रवेशात तो फक्त उपरणं उलटं करतो. पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे. नाटकात एकही शब्द नाही. नट कमी होते म्हणूनच हे सुचलं.

हक्कांचं काम मात्र पहिल्या खर्ड्याआधी करा. आम्हाला तोंडी होकार मिळाला होता. रूपांतराचे हक्क लेखकाच्या वारसांकडे आहेत हे नंतर कळलं आणि दोन महिने गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. जॉर्ज ऑर्वेल १९५० साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं आपल्याकडे २०११ पासून मुक्त आहेत. पण मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो, तो वेगळा तपासा. शिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तालमीत वाक्यं बदलत राहणार हे धरून वेळ ठेवा.

तालमीत आमच्या एका नटाने एका हयात नेत्याची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले, तरी मी ती काढायला लावली. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात व्हाइसरॉय कर्झनचं नावही नाही. १९०७ च्या प्रेक्षकांनी कीचकात त्याला ओळखलं, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नक्कल केली की प्रेक्षक त्या एका माणसाला हसतो आणि पुढचा प्रवेश त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

साईखेडकर नाट्यमंदिरातल्या प्रयोगानंतर निफाडचे एक आजोबा आत आले. “आमच्याच सभापतींवर लिहिलंय ना, ताई?” त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाई सिन्नरच्या होत्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं.