डाएटिशियनकडे जाण्याआधी तीन दिवसांची वही लिहा

आहारतज्ज्ञाचा सल्ला तुमच्या घरातल्या ताटाला लागू पडायचा असेल, तर ते ताट आधी त्यांना नीट दिसलं पाहिजे. ‘घरचंच साधं जेवण असतं’ एवढं सांगितलं, की छापील डाएट चार्ट हातात पडतो आणि दहाव्या दिवशी तो फ्रिजच्या दारावर नुसता लटकत राहतो.

आधी माणूस पारखून घ्या. ‘न्यूट्रिशनिस्ट’ असा बोर्ड छोटासा ऑनलाइन कोर्स करूनही लागतो. आहारशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, रुग्णालयातला अनुभव आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिल्यावर मिळणारी ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) नोंदणी, हे तिन्ही सरळ विचारा. मधुमेह, किडनीचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर त्यातलाच अनुभव असलेली व्यक्ती शोधा. पहिल्याच भेटीत पावडरचा डबा विकायला काढला, तर उठून या.

आता वही. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार धरा. उपास करत असाल तर उपासाचा दिवस वेगळा लिहा, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की चहाबरोबरची खारी, पोरांच्या ताटातलं संपवलेलं उष्टं आणि येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे हमखास सुटतात. वेळ लिहा. नुसतं ‘भाकरी’ नको. ज्वारीची की बाजरीची, केवढी, किती? जमलं तर एक भाकरी वजनकाट्यावर ठेवा. घरातली वाटी पाण्याने भरून किती मिली भरते ते मोजा; एका घरातली वाटी शंभराची, दुसऱ्या घरातली दोनशेची असते. आमटी पातळ की घट्ट, तेही नोंदवा, प्रथिनांचा अंदाज त्यावरच बांधतात.

साखरेचं गणित चहात लपतं. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर 40 ग्रॅम, म्हणजे 160 कॅलरी. तेल फोडणीच्या पळीने मोजू नका, महिन्याचा कॅन मोजा. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चौघांत महिन्याला संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास आठ छोटे चमचे. हा आकडा ऐकून बहुतेक घरं दचकतात.

सोबत सहा महिन्यांतले रिपोर्ट न्या: एचबीए1सी (मागच्या साधारण तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12, जे केले असतील ते. गोळ्यांच्या स्ट्रिपाही पिशवीत टाका. थायरॉइडच्या गोळीजवळ लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर ती नीट शोषली जात नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी12 घटू शकतं. किडनीचा त्रास असेल तर कमी सोडियमचं मीठ आणि शहाळं आवर्जून सांगा, दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं.

स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर त्यांनाही बरोबर न्या. न आवडणारे पदार्थ, डबा किती वाजता उघडता, महिन्याचं बजेट, सगळं तिथेच बोला. चार्टमध्ये ओट्स आणि ॲव्होकाडो आले तर नाचणी, मूग, ताक यांत बदलून मागायला लाजू नका.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना कळवा. डोस तोच राहिला आणि ताट निम्मं झालं, की साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, चक्कर. डोस डॉक्टरच बदलतात, डाएटिशियन नाही.

दोन आठवड्यांनी परत भेटा आणि जे जमलं नाही तेच आधी सांगा. एचबीए1सी मात्र तीन महिन्यांनीच करा. त्याआधी केलात तर जुन्या खाण्याचाच आकडा त्यात मिसळलेला असतो.