ऑस्ट्रेलियातली उल्काविवरं: चित्रात शोधा, खडकात ओळखा

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गोल दिसलं की उल्काविवर, असं धरून चालू नका. कोरडी तळी, मिठाचे घुमट, ज्वालामुखीच्या नळ्या, सगळं उपग्रहचित्रात गोलच दिसतं. चित्रातून फक्त जागा कळते, पुरावा खडकातच शोधावा लागतो.

उपग्रहचित्रात सुरुवात वुल्फ क्रीक विवरापासून करा (१९°१०′ दक्षिण, १२७°४८′ पूर्व). व्यास सुमारे ८८० मीटर, कड जवळपास अखंड, तळ कडेपासून ६० मीटर खाली. नजरेला ही साधी वाटी सरावली की गॉसेस ब्लफ, म्हणजेच त्नोराला, उघडा (२३°४९′ दक्षिण, १३२°१९′ पूर्व). इथे हमखास फसगत होते. डोंगरांचं ते ५ किलोमीटरचं कडं ही विवराची कड नव्हेच! उल्केच्या आघातानंतर उसळून वर आलेला तो मधला भाग आहे. मूळ विवर साधारण २२ किलोमीटरचं होतं; १४ कोटी वर्षांत बाहेरची कड झिजून गेली. व्यास २ ते ४ किलोमीटरच्या पुढे गेला की मध्यभाग असा उसळतो. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं, म्हणून ते वाटीच राहिलं.

त्नोरालात शॅटर कोन, म्हणजे आघाताच्या धक्क्याने खडकात उमटलेले शंकू, पाहा: एका टोकातून निघून घोड्याच्या शेपटीसारख्या पसरणाऱ्या रेघा. बोट फिरवून बघा. पृष्ठभाग वक्र आणि रेघांना फाटे असतील तर आशा धरा. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर समांतर रेघा असतील तर ती भेगेवर खडक घासल्याची खूण. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. भर दुपारी रेघा बुजतात. ही जागा पश्चिम अरर्न्टे लोकांची पवित्र भूमी आहे. आखलेली वाट सोडू नका, दगड उचलू नका.

शंका उरली तर खडकातली गार, म्हणजे क्वार्ट्‌झ तपासावं लागतं. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आघात झालेल्या कणांत सरळ, दाट, समांतर पट्ट्या दिसतात, बहुधा एकमेकींना छेदणारे दोन-तीन संच. वक्र, विरळ पट्ट्या डोंगर घडतानाच्या दाबानेही होतात. त्या पुरावा म्हणून चालत नाहीत.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या हेनबरीची डझनभर विवरं लहान आहेत, सर्वात मोठं सुमारे १८० मीटरचं. तिथे खरा पुरावा लोखंडी उल्केच्या तुकड्यांचा, पण ते गोळा करायला बंदी आहे.

जायचं तर मे ते ऑगस्टमध्ये. वुल्फ क्रीकला जाणारा, बराचसा कच्चा तनामी रस्ता तिथल्या पावसाळ्यात (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल) बंद होऊ शकतो. फोर-व्हील ड्राइव्ह, जादा टायर आणि माणशी रोज किमान ५ लिटर पाणी ठेवा. इंधन हॉल्स क्रीक गावातच भरून घ्या, तिथून विवर सुमारे १४५ किलोमीटरवर आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अक्रामनला मात्र विवरापाशी फारसं काही दिसत नाही. तिथून उडालेल्या ज्वालामुखीय खडकाचे तुकडे सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला, फ्लिंडर्स रांगांतल्या शेलच्या (चिखलापासून बनलेल्या खडकाच्या) थरात सापडतात. तेव्हा विवर झिजलेलं असेल तर आजूबाजूचे त्याच काळातले थरही तपासा.